ॲडव्हान्स्ड स्कुबा प्रमाणपत्र: कोणत्या संस्थेचे घ्यावे, हे खानदेशात बसून कसे ठरवावे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. तरीही अंदमान, गोवा किंवा पुदुच्चेरीला जाऊन स्कुबाचे, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधील हवेवर पाण्याखाली पोहण्याचे, ओपन वॉटर हे पहिले प्रमाणपत्र घेऊन आलेली माणसे आता आपल्याकडे भेटतात आणि त्यांचा पुढचा प्रश्न बहुधा एकच असतो: ॲडव्हान्स्ड कोर्स कोणत्या संस्थेचा करावा? किनाऱ्यालगत राहणाऱ्याला एक कोर्स मनाजोगता झाला नाही, तर पुढच्या महिन्यात दुसरीकडे जाता येते. आपल्याला रजा, गाडीचे आरक्षण, विमानभाडे आणि हंगाम यांची मोट बांधून वर्षातून एखाद्या वेळी समुद्र गाठावा लागतो. म्हणून ही निवड घर सोडण्यापूर्वीच विचारपूर्वक करणे भाग आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. मालवणला किंवा गोव्याला प्रशिक्षकाचा हात धरून थोडा वेळ पाण्याखाली जाऊन येणे हा अनुभव आहे, प्रमाणपत्र नव्हे. त्याचे फोटो आणि व्हिडिओ मिळतात, पण तेवढ्या जोरावर ॲडव्हान्स्ड कोर्सला प्रवेश मिळत नाही. त्यासाठी ओपन वॉटर किंवा त्याच्या तोडीचे प्रमाणपत्र, म्हणजेच कार्ड, लागते. पुढील मजकूर असे कार्ड हाती असलेल्यांसाठी आहे.

नाव एक, अभ्यासक्रम निरनिराळे

आयएसओ २४८०१ या आंतरराष्ट्रीय मानकात हौशी डायव्हरच्या तीनच पातळ्या ठरवलेल्या आहेत: देखरेखीखाली डाइव्ह करणारा, जोडीदारासह स्वतंत्रपणे डाइव्ह करणारा आणि इतरांचे नेतृत्व करणारा. बहुतेक मोठ्या संस्थांचा ओपन वॉटर कोर्स यांतील दुसऱ्या पातळीशी जुळणारा असतो, त्यामुळे एका संस्थेचे ओपन वॉटर कार्ड दुसऱ्या संस्थेच्या केंद्रात सहज मान्य होते आणि दोन्ही कार्डधारकांकडून साधारण सारखीच अपेक्षा ठेवता येते. ॲडव्हान्स्ड या नावाची पातळी मात्र या मानकात नाही. त्या नावाखाली किती डाइव्ह असाव्यात, कोणत्या सक्तीच्या असाव्यात आणि शेवटी काय तपासावे, हे प्रत्येक संस्थेने आपापल्या पद्धतीने ठरवले आहे. म्हणून संस्थांचे बोधचिन्ह किंवा कार्डावरील शब्द यांची तुलना न करता, ते कार्ड मिळवण्यासाठी पाण्याखाली नेमके काय करावे लागते, याची तुलना करावी.

१९६६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या पॅडी या संस्थेचा ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर डायव्हर हा भारतात सर्वाधिक कानावर पडणारा कोर्स आहे. त्यात ५ ॲडव्हेंचर डाइव्ह असतात. त्यांतील खोल डाइव्ह आणि पाण्याखालील दिशाशोधन या दोन सक्तीच्या, तर उरलेल्या ३ आपल्या निवडीच्या. आधी अमुक इतक्या डाइव्ह झालेल्या असाव्यात अशी अट नाही, त्यामुळे ओपन वॉटर संपल्याच्या दुसऱ्या दिवशीही तो सुरू करता येतो आणि साधारण दोन-तीन दिवसांत पूर्ण होतो. कोर्सनंतरची शिफारस केलेली मर्यादा ओपन वॉटरच्या १८ मीटरवरून ३० मीटरवर जाते. १२ वर्षांची मुलेही तो करू शकतात, मात्र १५ वर्षे पूर्ण होईपर्यंत त्यांची मर्यादा २१ मीटर असते. या रचनेकडे पाहिले की लक्षात येते की हा कोर्स पाच विषयांची तोंडओळख करून देतो. त्यातील एकाही विषयात तो पारंगत करत नाही आणि तसा त्याचा दावाही नाही.

१९७० साली सुरू झालेल्या एसएसआय या संस्थेच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ होतो. पॅडीच्या वरील कोर्सशी जुळणारा तिचा कोर्स ॲडव्हान्स्ड ॲडव्हेंचरर या नावाचा आहे: पाच वेगवेगळ्या विषयांतील प्रत्येकी एक डाइव्ह, मर्यादा ३० मीटर. एसएसआयचे ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर डायव्हर हे कार्ड मात्र वेगळेच आहे. त्यासाठी चार विशेष कोर्स, म्हणजे एकेका विषयाचे स्वतंत्र कोर्स, पूर्ण केलेले असावे लागतात आणि किमान २४ डाइव्हची नोंद असावी लागते. म्हणजे पॅडीच्या आणि एसएसआयच्या कार्डांवर ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर डायव्हर असे अक्षरशः एकच नाव असूनही, पहिल्याच्या मागे ओपन वॉटरच्या चार आणि या कोर्सच्या पाच एवढ्याच डाइव्ह असू शकतात, तर दुसऱ्याच्या मागे २४ डाइव्ह आणि चार विषयांचे सविस्तर शिक्षण असते. एसडीआय या संस्थेची मांडणीही अशीच दुहेरी आहे. पाच डाइव्हचा ॲडव्हान्स्ड ॲडव्हेंचर डायव्हर हा छोटा कोर्स आहे, आणि ॲडव्हान्स्ड डायव्हर हे कार्ड चार विशेष कोर्स व २५ डाइव्ह झाल्यावर मिळते. केंद्राशी फोनवर बोलताना नुसते ‘ॲडव्हान्स्ड’ न म्हणता कोर्सचे पूर्ण नाव विचारावे ते याचसाठी.

नाउई या संस्थेचा ॲडव्हान्स्ड स्कुबा डायव्हर किमान ६ डाइव्हचा असतो. त्यात दिशाशोधन आणि खोल डाइव्ह यांच्या जोडीला रात्रीची किंवा कमी दृश्यमानतेतील डाइव्ह सक्तीची आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पाणी अनेकदा गढूळ असते, हे लक्षात घेता ही सक्ती मला अत्यंत योग्य वाटते. अडचण इतकीच की नाउईची केंद्रे आपल्याकडे शोधावी लागतात.

ब्रिटनमधील बीसॅक ही १९५३ साली स्थापन झालेली क्लबांची संघटना आणि १९५९ साली स्थापन झालेला, जाक इव्ह कुस्तो ज्याचे पहिले अध्यक्ष होते तो सीएमएएस हा जागतिक महासंघ, या दोघांची चौकट सर्वस्वी वेगळी आहे. बीसॅकचा ॲडव्हान्स्ड डायव्हर डाइव्ह लीडरच्याही पुढचा असतो. त्याच्याकडून मोहिमेचे नियोजन करण्याची अपेक्षा असते. तुमच्या-आमच्या टप्प्याशी जवळचा म्हणजे त्यांचा स्पोर्ट्स डायव्हर, आणि त्यातही बचावकौशल्ये व सक्तीच्या डीकम्प्रेशन थांब्यांचे, म्हणजे शरीरातील नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येताना वाटेत थांबण्याचे, शिक्षण येते. सीएमएएसच्या दोन तारे असलेल्या डायव्हरकडूनही बचावकौशल्यांची अपेक्षा असते. परदेशात नोकरीला असलेल्या नातेवाइकांच्या ओळखीने अशा क्लबात शिकण्याची संधी कोणाला मिळाली, तर ती सोडू नये. भारतात शिकायचे असेल तर व्यवहारात निवड पॅडी, एसएसआय आणि क्वचित एसडीआय किंवा नाउई यांच्यातच होते.

तीस मीटरवर हवेचा हिशेब

तुलनेची खरी कसोटी मी खोल डाइव्हच्या शिकवणीला मानतो, कारण ॲडव्हान्स्ड कार्डाने तुमच्या हाती येणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे १८ मीटरच्या पुढचे पाणी. तेथे नेमके काय बदलते, हे आकड्यांतच पाहावे लागते.

पाण्यात दर १० मीटरला दाब सुमारे १ बारने वाढतो. पृष्ठभागावर १ बार, म्हणून १० मीटरवर २, १८ मीटरवर २.८ आणि ३० मीटरवर ४ बार. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला १८ मीटरवर ५६ आणि ३० मीटरवर ८० लिटर लागते. भारतातील केंद्रांवर सर्रास दिसणारे ॲल्युमिनियमचे सिलिंडर ११.१ लिटरचे असते. २०० बारला भरले की त्यात २२२० लिटर हवा मावते. ५० बार शिल्लक ठेवून वर यायचे, हा नेहमीचा नियम धरला तर ५५५ लिटर बाजूला पडले आणि वापरायला १६६५ लिटर उरले. ही हवा १८ मीटरवर सुमारे ३० मिनिटे पुरते आणि ३० मीटरवर जेमतेम २१ मिनिटे. पॅडीच्या तक्त्यानुसार ३० मीटरवर थांब्याविना राहण्याची, म्हणजे वर येताना सक्तीचा थांबा लागणार नाही इतकाच वेळ राहण्याची, कमाल मुदतही २० मिनिटांचीच आहे, जी १८ मीटरवर ५६ मिनिटांची असते. म्हणजे उथळ पाण्यात हवा संपत आली तरी वेळेची चिंता नसते. ३० मीटरवर मात्र दोन्ही गोष्टी एकाच सुमारास संपत येतात, आणि शिवाय दाबाखालील नायट्रोजनमुळे येणाऱ्या गुंगीने मनाची गती मंदावलेली असते. पाटीवर लिहून दाखवलेली साधी बेरीज करायला तेथे होडीवरच्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो जास्त लागला हे करणाऱ्याला जाणवतही नाही.

आता तोच ५० बारचा नियम जोडीदाराची हवा बंद पडली या प्रसंगाला लावून पाहा. एका सिलिंडरवर दोघे श्वास घेत आहेत, घाबरलेले आहेत, म्हणून प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर धरू. दोघांचे ६० झाले. ३० मीटरवर परिस्थिती उमजून श्वास घेण्याचा रेग्युलेटर हाती देण्यात एक मिनिट गेले तर २४० लिटर खर्च झाले. मिनिटाला १० मीटर या गतीने वर यायला तीन मिनिटे, सरासरी दाब २.५ बार, म्हणून आणखी ४५० लिटर. पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा सुरक्षा थांबा घेतला तर त्याचे २७० लिटर. एकूण ९६० लिटर, म्हणजे या सिलिंडरमधील सुमारे ८६ बार. ज्याने ५० बार होईपर्यंत ३० मीटरवरच राहण्याचा बेत केला होता, त्याच्याकडे दोघांना वर आणण्याइतकी हवाच नाही. थांबा सोडून दिला तरी ६२ बार लागतात. होडीवर कोणी सांगितलेला आकडा पाठ करण्याऐवजी हा हिशेब स्वतः मांडता येणे, हे माझ्या दृष्टीने ॲडव्हान्स्ड डायव्हरचे पहिले लक्षण आहे.

म्हणून केंद्र निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा: खोल डाइव्हच्या आधी माझ्या स्वतःच्या हवेच्या वापराचा दर काढून त्यावरून परतीचा दाब ठरवायला तुम्ही शिकवता का? पॅडीचा प्रशिक्षक हे मनापासून शिकवत असेल आणि दुसऱ्या संस्थेचा गाळत असेल, तर पॅडीचा कोर्स निवडावा. उलट असेल तर उलट. संस्था किमान मर्यादा ठरवते, त्यापुढे किती शिकवायचे हे प्रशिक्षकाच्या हाती असते.

उरलेल्या डाइव्ह कोणत्या निवडाव्यात

निवडीच्या डाइव्हमध्ये अनेक जण मासे ओळखणे, छायाचित्रण किंवा केंद्राला त्या दिवशी सोयीचा पडणारा विषय घेतात. वर्षातून एकदा समुद्र पाहणाऱ्याने तसे करू नये. पहिली निवड बॉयन्सीची, म्हणजे पाण्यात ना वर ना खाली, एका जागी स्थिर राहण्याच्या कौशल्याची असावी, आणि शक्यतो कोर्समधील पहिलीच डाइव्ह तिची असावी. ज्याचा तोल सुधारतो त्याची हातपायांची धडपड कमी होते, हवा कमी लागते, आणि वरच्या हिशेबातील प्रत्येक आकडा त्याच्या बाजूने सरकतो. दुसरी निवड रात्रीच्या डाइव्हची असावी. ज्या संस्थेत ती सक्तीची नाही तेथेही ती मागून घ्यावी, कारण विजेरीच्या झोतापलीकडचे काही दिसत नसताना जोडीदाराच्या जवळ राहणे आणि खुणांऐवजी प्रकाशाने बोलणे ही सवय गढूळ पाण्यात दिवसाही उपयोगी पडते. तिसरी जागा जिज्ञासेसाठी मोकळी ठेवावी. तेथे प्रवाहातील डाइव्ह किंवा बुडालेल्या जहाजाजवळची डाइव्ह घेता येईल.

एसएसआयच्या ॲडव्हान्स्ड ॲडव्हेंचररमध्ये विषय केंद्राशी बोलून ठरत असल्यास खोल डाइव्ह आणि दिशाशोधन हे दोन्ही त्यात आहेत ना, याची आधीच खात्री करावी. दिशाशोधनाला कमी लेखू नये. होकायंत्र छातीसमोर सपाट धरून, सुई अडकू न देता, पायांचे ठोके मोजत जाऊन त्याच दगडापाशी परत येणे स्वच्छ पाण्यातही सोपे नसते. होकायंत्राचा सराव मात्र घरी होतो: मोकळ्या मैदानावर डोक्यावर टॉवेल घेऊन, नजर फक्त होकायंत्रावर ठेवून चौकोन चालून पाहावा.

नायट्रॉक्सचा, म्हणजे नेहमीच्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाचा, कोर्स सोबत घ्यावा का, असे विचारले जाते. त्याचा अभ्यास घरी करता येतो, ही आपल्यासाठी मोठी सोय आहे, आणि एसएसआयच्या चार विशेष कोर्समध्ये तो मोजला जातो. पण नायट्रॉक्स थांब्याविना राहण्याची मुदत वाढवते, सिलिंडरमधील हवा वाढवत नाही. ज्याची हवा ३० मीटरवर वीस मिनिटांतच संपते, त्याला त्यातून जास्त वेळ मिळणार नाही. आधी बॉयन्सी, मग नायट्रॉक्स.

जागा, हंगाम आणि केंद्राला विचारण्याचे प्रश्न

खोल डाइव्हसाठी खोल पाणी लागते, ही उघड गोष्ट कोर्स आरक्षित करताना विसरली जाते. मालवणच्या किंवा गोव्यातील ग्रँड आयलंडच्या नेहमीच्या जागा उथळ आहेत, म्हणून तेथे कोर्स घेणाऱ्याने खोल डाइव्ह कोठे आणि किती मीटरवर होणार हे विचारून घ्यावे. अंदमानात स्वराज द्वीप, म्हणजेच पूर्वीचे हॅवलॉक, येथे हा प्रश्न उरत नाही. जॉनीज गॉर्जसारख्या जागी ३० मीटरच्या आसपासचे पाणी मिळते. पॅडी आणि एसएसआय या दोन्ही संस्थांची केंद्रे तेथे असल्यामुळे तुलनाही प्रत्यक्ष करता येते. आपल्याकडील सोयीच्या सुट्ट्या म्हणजे दिवाळी आणि आखाजीच्या पुढेमागे येणारी उन्हाळी सुट्टी. अंदमानात मोसमी पाऊस मे महिन्याच्या उत्तरार्धात पोहोचतो, तेव्हा आखाजीनंतर जाणाऱ्यांनी फार रेंगाळू नये.

केंद्राशी बोलताना एका प्रशिक्षकाकडे किती विद्यार्थी असतील, कोर्स किती दिवसांत उरकणार, प्रत्येकाला खोली आणि वेळेचा हिशेब ठेवणारा डाइव्ह कॉम्प्युटर मिळणार का, होडीवर आपत्कालीन ऑक्सिजन असतो का, आणि सांगितलेल्या रकमेत होडी, साहित्य, ऑनलाइन अभ्यास व कार्ड हे सर्व धरले आहे का, हे विचारावे. प्रशिक्षकाचे नाव आणि क्रमांक घेऊन तो सध्या त्या संस्थेचा सक्रिय प्रशिक्षक आहे याची संस्थेच्या संकेतस्थळावर किंवा ईमेलने खात्री करून घ्यावी. पाचही डाइव्ह दीड दिवसात बसवणारे केंद्र स्वस्त पडले, तरी माझा सल्ला तेथे न जाण्याचा आहे.

माझी शिफारस अशी आहे. ओपन वॉटर होऊन वर्ष उलटले असेल तर आधी एक उजळणी आणि दोन-तीन साध्या डाइव्ह कराव्यात, मग पॅडी किंवा एसएसआयचा पाच डाइव्हचा कोर्स त्यातील उत्तम प्रशिक्षक पाहून घ्यावा, आणि प्रत्येक डाइव्हची खोली, वेळ, सुरुवातीचा व शेवटचा दाब, वजन आणि पाण्याचे तापमान लॉगबुकात नोंदवत २४-२५ डाइव्ह आणि चार विशेष कोर्स हे दूरचे उद्दिष्ट ठेवावे. त्या चारांत डीप डायव्हर असावा, कारण ४० मीटरपर्यंतचे पाणी तोच उघडतो. पुढे रेस्क्यू डायव्हर हा बचावाचा कोर्स करताना एका संस्थेचे कार्ड दुसरीकडे सामान्यतः चालते, त्यामुळे संस्था बदलली म्हणून आधीचे शिक्षण वाया जात नाही.

निघण्यापूर्वी आणि परतताना

आरोग्याची प्रश्नावली संस्थेच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून घ्यावी. दमा, कानाची शस्त्रक्रिया, रक्तदाब, हृदयविकार अशा प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर डॉक्टरांची सही लागते. ती आपल्या आजारांची माहिती असलेल्या जळगाव-धुळ्यातील डॉक्टरांकडून शांतपणे तपासून घेणे, हे बेटावर पोहोचल्यावर धावपळ करण्यापेक्षा केव्हाही बरे.

सराव तरणतलावातच करावा. हतनूर किंवा गिरणा धरणात साहित्य घेऊन उतरण्याचा मोह धरू नये. दरवाजांजवळचा ओढा, गाळ आणि बुडालेली झाडे यांच्यासाठी वरीलपैकी एकही कोर्स तयार करत नाही. तापीत कोणी बुडाले की ‘तुला स्कुबा येते ना’ असे म्हणून अशा कार्डधारकाला शोधासाठी बोलावले जाऊ शकते. तेथे ठामपणे नकार द्यावा आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षित पथकाला बोलवावे. शोध घेणे हे वेगळे शिक्षण आहे, आणि नकार देण्यात कमीपणा नाही.

परतीचा प्रवास हा खानदेशी डायव्हरसाठी विशेष महत्त्वाचा विषय आहे, कारण उंचीवर हवेचा दाब कमी झाला की शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. अनेक दिवस एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास थांबावे, अशी डॅन या डायव्हर सुरक्षा संस्थेची शिफारस आहे, आणि ती सुमारे ६०० ते २४०० मीटर उंचीइतक्या केबिनच्या दाबाला उद्देशून आहे. शरीराला ती उंची विमानाने गाठली की गाडीने, याने फरक पडत नाही. जळगाव स्वतः जेमतेम २०० मीटरवर आहे, पण मालवणहून आंबोलीमार्गे येताना रस्ता सुमारे ७०० मीटरवर चढतो, आणि वास्कोहून गोवा एक्सप्रेसने भुसावळला येताना गाडी सुमारे ७५० मीटर उंचीच्या बेळगावातून येते. सकाळी डाइव्ह उरकून दुपारची गाडी पकडण्याचा बेत म्हणून टाळावा, शेवटचा दिवस कोरडा ठेवावा आणि परतीचे आरक्षण त्यानंतरच्या दिवसाचे करावे.